जे आधी लागतं ते सगळ्यात वर

आपल्यावाचून जगाचं पान हलत नाही असं मानणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. तुमच्या घरात नसेल तर एकदा आरशात बघून या. आपल्या गोष्टीतल्या घरात साबणराव होते.

साबणराव हे त्यांचं बाजारातलं नाव. दर रविवारी ते चौकात सुगंधी साबणाच्या वड्या मांडून बसत. लोक वडी नाकाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "साबणराव, जादू आहे हो तुमच्या हातात!" साबणरावही मग हातांकडे असे कौतुकाने बघत, जणू त्या हातांनी जन्मात एकदा तरी साबण ढवळला होता.

ढवळायची त्यांची बायको. मागच्या खोलीत ती तेल तापवायची, साच्यात ओतायची, तारेने वड्या कापायची आणि फळीवर दीड महिना निजवायची. रोज एकेकीची कूस पालटायची, तान्ह्या बाळासारखी. त्या खोलीतून असा वास पाझरायचा की खिडकीखालून जाणारा पोस्टमन तरंगत तरंगत दोन घरं पुढे जायचा, अन् गल्लीतली मांजरं झोपेत हसायची. खोटं वाटत असेल तर मांजरांना विचारा.

शनिवारी दुपारी ती एकेक वडी, जसा प्रकार तशा रंगाच्या पातळ कागदात गुंडाळून दोरा बांधायची आणि पत्र्याची पेटी भरून द्यायची. बारा वर्षं हे चाललं होतं. बारा वर्षांत तिने तो बाजार एकदाही पाहिला नव्हता.

"अहो," त्या शनिवारी ती म्हणाली, "उद्या मी येऊ का? माझ्या वड्या कोणाच्या घरी जातात, ते एकदा बघावंसं वाटतं."

"तू? बाजारात?" साबणराव हसले. "अगं, तिथे चार लोकांशी बोलावं लागतं. ते काय पेटी भरण्याइतकं सोपं आहे? पेटी काय, कोणीही भरेल!"

तिच्या हातातला दोरा थांबला.

"कोणीही ना? मग आजची तुम्हीच भरा." तिने हात पुसले आणि ती पुढच्या पायरीवर जाऊन बसली. पुन्हा आत डोकावलीसुद्धा नाही.

साबणरावांनी बाह्या सरसावल्या आणि डोकं चालवलं. बाजारात गेल्यावर आधी काय लागतं? फळीवर अंथरायचं कापड. मग तेच आधी भरावं! त्यानंतर वड्या. आणि गिऱ्हाईक शेवटी हात धुऊन बघतं, म्हणून पाण्याने भरलेली बरणी सगळ्यात वर. "झालं की!" ते स्वतःशीच म्हणाले. "बायका उगाच बाऊ करतात."

बरणीचं झाकण ती फडक्याने आवळून बांधायची. पण ते बघायला साबणराव मागच्या खोलीत थांबले होते कधी?

रविवारी सकाळी हातगाडी दगडी रस्त्यावरून खडखडत निघाली. पहिल्या वळणावर झाकण सैल झालं, दुसऱ्यावर पाणी पाझरलं, अन् तिसऱ्या वळणापासून पेटीच्या फटीतून फेस येऊ लागला. आधी ओंजळभर, मग घागरभर, मग रस्ताभर! फेसातून फुगे उठले. काही लिंबाएवढे, काही तर एवढे मोठे की एक चिमणी त्यातल्या एकात शिरली आणि पंख न हलवता सावकाश छपरांवरून निघून गेली. घड्याळाचा मनोरा आपोआप धुऊन निघाला. हवालदाराच्या मिशा सुगंधी झाल्या आणि तो शिट्टी तोंडात धरून उभ्या उभ्या पेंगू लागला. सगळं गाव पापण्या जड झाल्यासारखं हळू चालू लागलं, आणि साबणराव? त्यांना वाटलं, लोक आपल्यालाच बघायला थांबलेत!

चौकात त्यांनी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. कागद विरघळलेले, वड्या बुळबुळीत, कापड तळाशी चिंब. त्यात समोर एक धोबीण उभी.

"भाऊ, माझी ती वडी द्या. हात फुटतात ना माझे, त्यावरची."

साबणरावांनी वड्यांकडे पाहिलं. कागदाशिवाय सगळ्या सारख्याच. उरले होते ते फक्त दोरे, काहींना एक गाठ, काहींना दोन, काहींना तीन. बारा वर्षं त्या गाठी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यांचा अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता!

शेजारी कपबशा विकणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. "का हो साबणराव, आज पेटी कोणी भरली?"

"मीच."

"ते दिसतंच आहे! आणि एरवी?"

"एरवी... घरातून भरून येते."

"घर पेटी भरतं होय? भिंती भरतात की चूल?" मावशींनी एक कप उचलून दाखवला. "हा बघा, सगळे याला ओठाला लावतात. पण बशी नसती तर याच्यापायी किती जण भाजले असते! बारा वर्षं मी ज्या हातांचं कौतुक करतेय, ते हात कुठे आहेत?"

पहिल्यांदाच त्यांना आपले हात रिकामे दिसले.

तेवढ्यात फेसाच्या पांढऱ्या वाटेवरून कोणीतरी येताना दिसलं. एक फुगा म्हणे माघारी जाऊन बायकोच्या पायरीवर फुटला होता. वास ओळखून ती तशीच निघाली होती.

तिने धोबिणीच्या फुटलेल्या हातांकडे पाहिलं. बोटांनी दोरे चाचपत तिने एक वडी उचलली. "दोन गाठी. हात फुटतात त्यांच्यासाठी."

धोबिणीने वडी घेतली नाही. तिने ते हातच हातात घेतले. "बाई गं! तू होतीस होय ती!"

काय सांगावं! साबणराव फळीमागून पुढे आले. सगळ्या बाजारादेखत ते म्हणाले, "साबण हिचा आहे. मी नुसता मिरवत होतो. चुकलं माझं!"

ती फुटणाऱ्या फुग्यांकडे बघत होती. "बरणी वर ठेवली होतीत ना?" ती म्हणाली. "पेटीत जे आधी लागतं, ते शेवटी भरायचं असतं. सगळ्यात वर."

पुढच्या शनिवारी साबणराव तिच्याकडून पेटी भरायला शिकले. तळाशी बरणी, झाकण फडक्याने आवळून. मग वड्या, मग कापड. झाकण लावणार, इतक्यात त्यांना आठवलं. आपण उभं राहू म्हणत त्यांनी हातगाडीवरचं आपलं बसायचं स्टूल उतरवून ठेवलं आणि तिच्यासाठी आणलेलं नवंकोरं घडीचं स्टूल कापडावर सगळ्यात वर ठेवलं.

मंडळी, आपल्याही घरात कोणीतरी वर्षानुवर्षं तळाशी भरलं गेलेलं असतं. त्याच्या कष्टाचा सुगंध आपण आपल्या नावावर खपवतो. पेटी आजच उघडा, आणि ज्याच्यावाचून आपला बाजार मांडला जात नाही, त्याला सगळ्यात वर ठेवा!