चार लाख अठरा हजार तीनशे पन्नास

पितृपक्षात मंगल कार्यालयं ओस पडतात आणि भाडं निम्म्यावर येतं, म्हणून आमच्या शहरातलं पहिलं रेट्रो गेमिंग कन्व्हेन्शन पितृपक्षात भरलं. लोक घराच्या गच्चीवर पितरांना पान ठेवत होते आणि इकडे गारखेड्यात चाळिशीला टेकलेले बाप्ये जुन्या व्हिडिओ गेमपुढे हात जोडून उभे होते. स्टेजवर मागच्या साखरपुड्याची थर्माकोलची अक्षरं तशीच होती. ती काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

दारातच एकाने पांढरे हातमोजे घालून टेबलावर एक खोका मांडला होता. आत टीव्ही गेमची कॅसेट, वर कारखान्याचं प्लास्टिक अजून तसंच.

"खेळला नाहीत कधी?" मी विचारलं.

"उघडलं तर व्हॅल्यू जाते, मॅडम."

देव्हाऱ्यातला नारळ फोडून चटणी वाटू का, असं मी विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लहानपणी कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारत, तरी नाही चालली तर बुक्की घालत. आणि हे महाशय हातमोजे घालून तिच्याकडे नुसते बघतात. पुढे दोघं भांडत होते, कोणाचा डबा अस्सल जपानी आणि कोणाचा नकली. अरे बाबांनो, आपल्याकडे तेव्हा अस्सल होतं काय? एकजण पुठ्ठ्याचा यंत्रमानव होऊन आला होता. त्याला बाथरूमच्या दारातून आत जाता येईना. त्याची आई पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होती. मला त्या माउलीची फार दया आली.

मग मी कशाला गेले होते? खोटं कशाला बोलू, माझ्या आकड्यासाठी गेले होते. चार लाख अठरा हजार तीनशे पन्नास. सव्वीस वर्षांपूर्वी, तेराव्या वर्षी मी विमानाच्या गेमवर हा स्कोअर केला आणि तो पुन्हा कुणालाच गाठता आला नाही. दहावीत मी तालुक्यात पहिली आले नाही, कॉलेजात नाही, नोकरीत नाही. या एका ठिकाणी मी पहिली होते. तेवढं कागदावर हवं होतं मला.

माझे वडील, अण्णा, सोयगावची शेती भावावर टाकून शहरात आले आणि गारखेड्यात एका गाळ्यात तीन मशिनी मांडून बसले. 'न्यू बद्रीनाथ व्हिडिओ गेम'. रुपयाचं नाणं टाकायचं आणि विमानं पाडायची. दुपारी शाळेतून आले की अण्णा मला विमानाच्या मशीनपुढे स्टूल देत. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे असायचं. मी बसले की अण्णा आपला उजवा हात मशीनच्या मागे घालत, क्षणभर ठेवत आणि म्हणत, "हं, बस आता. हाण." मशीनच्या पाठीवर हात ठेवतात, माझ्यासाठी काहीतरी पुटपुटतात, असंच मी धरून चालले होते. ती सवय मलाही लागली. आजही स्कूटी सुरू करताना मी तिच्या पाठीवर थाप मारते, आणि मुलगा परीक्षेला निघाला की त्याच्याही.

चारपासून साडेपाचपर्यंत मी एकाच नाण्यावर खेळायचे. तोवर हायस्कूल सुटायचं आणि पोरं मागे गर्दी करायची. मग अण्णा मला उठवायचे, "अभ्यास कर जा." आणि पोरं नाणी घेऊन तुटून पडायची. एका पोरीने केलं ते आपल्याला जमू नये? नाहीच जमायचं. मिनिटा-दोन मिनिटांत विमान फुटायचं. मी गल्ल्यामागे बसून गणितं करायचे आणि हसायचे.

त्यातल्या त्यात चिवट होता तो सुदर्शन. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, रोज यायचा. त्याची मजल गेली एक लाख बारा हजारापर्यंत आणि थांबली. वर त्याची एकच तक्रार.

"अण्णा, दुपारी गोळ्या सरळ येत्यात. सांजच्याला वळून येत्यात. मशीनच चावतंय."

मी उठले आणि दुकानातल्या स्कोअरच्या पाटीवर त्याच्या नावाखाली खडूने लिहिलं : नाचता येईना, अंगण वाकडं. अख्खं दुकान हसलं. अण्णांना तर ते इतकं आवडलं की त्यांनी पेंटर बोलावून पाटी ऑइलपेंटने करून घेतली. वर माझं नाव आणि आकडा, खाली 'दुसरा : सुदर्शन, १,१२,०००', आणि त्याखाली ती म्हण. त्या दिवसापासून सुदर्शनचं नाव पडलं अंगण. पुढे तो वाळूजला कंपनीत लागला, बजाजनगरला राहायला गेला, तर तिथेही नाव त्याच्या आधी पोचलं. लग्नात हारावर मित्रांनी चिठ्ठी लावली होती, 'अंगणराव'. मी अजूनही ते सांगून हसते. म्हणजे हसायचे.

मी आठवी ते दहावी गणिताच्या शिकवण्या घेते. पेपर अवघड होता म्हणणारं पोरगं माझ्यासमोर टिकत नाही. त्याला मी ही म्हण ऐकवते आणि वर अंगणाची गोष्ट सांगते. किती पोरांना सांगितली असेल, देव जाणे.

दुकान बंद झालं, अण्णा गेले, मशीन आमच्या जिन्याखाली गोधड्या ठेवायच्या कामी आलं. मग हा कन्व्हेन्शन भरवणारा इंद्रजीत उगवला. वडिलांनी प्लॉट विकून पैसे ठेवलेत आणि हा त्या जिवावर मशिनी गोळा करतो. म्हणाला, "मॅडम, पाटीसकट एवढा जुना रेकॉर्ड आख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं नाय. तुमचं नाव जाहीर करू, सर्टिफिकेट देऊ. मशीन फक्त द्या." मी दिलं. त्याने पॉवर सप्लाय बदलला, बाकी कशाला हात लावला नाही, हे तो चारचारदा सांगत होता.

तर स्टेजवर मशीन, शेजारी खुर्चीवर पाटी, आणि टेबलावर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. माझं नाव छापलेलं. सही बाकी. आणि पाटीपुढे, तिच्या कडेवर हात ठेवून, सुदर्शन उभा. केस पांढरे झालेले, सोबत कॉलेजातली मुलगी. ती पाटी वाचत होती.

"काय अंगण, बोलावणं तुलाबी होतं का?" मी म्हणाले.

"नाय ताई. सायलीनं फोनवर पाह्यलं, म्हणली चला." तो हसला. तो नेहमीच हसायचा, आणि त्याला काही वाटत नाही असं मी समजायचे. त्याची मुलगी मात्र हसली नाही.

नोंद तपासायला आकाश नावाचा एक पोरगा पुण्याहून आणला होता. गळ्यात पट्टा, कानात बाळी, चेहऱ्यावर हायकोर्टाचा आव. त्याचा नियम असा, की स्कोअर मान्य करण्याआधी मशीन सगळ्यांसमोर उघडायचं. आत म्हणे आठ बारके स्विच असतात. गेम सोपा ठेवायचा की अवघड, ते त्यावर मालक ठरवतो. मी मनात म्हटलं, बघ बाबा, काय बघायचं ते बघ.

त्याने मागची फळी खोलली. फळीला वारा लागायला हाताएवढं गोल भोक होतं. त्याच्या आतल्या बाजूला, बरोबर हात पोचेल तिथे, एक बेडस्विच ठोकलेला होता. आपल्या पलंगाशी ट्यूबलाइटला असतो तसा, साधा, पिवळा पडलेला.

"हा कशाचा?" आकाशने विचारलं.

"पंख्याचा असेल," मी म्हणाले.

त्याने वायर बोटाने धरली आणि ती कुठे जाते ते बघत गेला. "नाही काकू. बोर्डावर गेलीये. बटण वर केलं की सगळ्यात सोपा, खाली केलं की सगळ्यात अवघड. आत्ता खाली आहे. भारी डोकं लावलंय कुणीतरी." मग मान वर करून म्हणाला, "तुम्ही स्कोअर केला तेव्हा हे कुठं असायचं?"

अण्णांचा उजवा हात मला दिसला. मशीनच्या मागे गेलेला. आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "खालीच. कायम खालीच असायचं."

सुदर्शन चार हातांवर उभा होता. त्याने ऐकलं.

"मग काय प्रश्नच नाही," इंद्रजीत माईकवर ओरडला. "मॅडम, एक डाव होऊन जाऊ द्या! पब्लिकला दाखवा!"

मी बसले. मशीनच्या पाठीवर हात ठेवायला मागे नेला आणि हवेतच परत घेतला. नाणं टाकलं. हाताला सगळं आठवत होतं. डावीकडे सरकायचं, थांबायचं, दोन पाडायची, उजवीकडे. पहिली विमानं आली, त्यांनी गोळ्या सोडल्या आणि त्या गोळ्या वळल्या. मी जिथे सरकले तिथे माझ्यामागे आल्या. माझं विमान फुटलं. दुसरं फुटलं. तिसरं घेऊन मी कोपऱ्यात जाऊन बसले, तर तिथेही आल्या. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. स्कोअर नऊ हजार चारशे.

लोक भले होते. "प्रॅक्टिस नाही राहिली काकूंना," कुणीतरी म्हणालं. टाळ्याही वाजल्या. मी स्टुलावरून उठले, आणि ओठांवर आलेला पहिला शब्द होता, "मशीनच..."

तिथेच माझी जीभ अडकली.

कारण मला साडेपाच वाजतानाचे अण्णाही आठवले. "अभ्यास कर जा" म्हणताना त्यांचा हात पुन्हा एकदा मागे जायचा. रोज दोनदा. पहिला हात मी सव्वीस वर्षं आशीर्वाद म्हणून जपला आणि दुसरा सोयीने विसरले. दुपारी मी लांबलचक खेळायचे ते पोरांनी बघावं म्हणून. मी पहिली नव्हते. मी गळाला लावलेलं गांडूळ होते. आणि पाटीवरची ती म्हण अण्णांनी ऑइलपेंटने का करून घेतली, तेही आता कळलं. चिडलेलं पोरगं जास्त नाणी टाकतं. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या तिथीला मी त्यांच्या आवडीची आळूची भाजी करून पान ठेवलं होतं. मला त्यांचा असा राग आला की ते समोर असते तर मी तोंडावर बोलले असते.

पण अण्णांनी फक्त बटण खाली केलं होतं. हसले होते मी. लिहिलं होतं मी.

आकाशने सर्टिफिकेटवर सही करायला पेनाचं टोपण काढलं.

"थांब," मी म्हणाले. इंद्रजीतच्या हातातला माईक घेतला. "मघाशी मी खोटं बोलले. दुपारी बटण वर असायचं. साडेपाचला आमचे अण्णा खाली करायचे. मी दुपारीच खेळायचे. हा सुदर्शन संध्याकाळी खेळायचा. गोळ्या वळून येतात म्हणायचा, ते खरं होतं. अंगण वाकडंच होतं."

मग हातमोजेवाल्याने हळूच विचारलं, "मग त्या बेडस्विचची व्हॅल्यू किती होईल?" असल्या लोकांत मी मान मिळवायला गेले होते.

"एक लाख बारा हजार," आकाश पाटीकडे बघत म्हणाला. "अवघडवर. काका, हाच रेकॉर्ड आहे मग."

मी सुदर्शनपुढे गेले. "चुकलं माझं," म्हणाले.

तो पाटीकडे बघत होता. "मला ठाऊक होतं ताई," तो म्हणाला. "कसं करत्यात ते कळत नव्हतं, पर करत्यात हे ठाऊक होतं. सांगणार कुणाला? सांगितलं की लोकं तीच म्हण म्हणायचे." मग मुलीकडे वळून म्हणाला, "सायले, एक नाणं दे गं."

तो स्टुलावर बसला. मी मशीनच्या मागे गेले. फळी उघडीच होती. एवढी एक तरी गोष्ट त्याच्यासाठी करावी म्हणून मी बटणावर बोट ठेवलं आणि खट्ट करून वर केलं.

"खाली कर," तो मागे न बघता म्हणाला. "मला सांजचंच येतंय."

मी खाली केलं.

गोळ्या वळून येत होत्या आणि तो त्यांच्या आधी वळत होता. पन्नास हजार झाले. सत्तर झाले. हातमोजेवाला टेबल सोडून आला, पुठ्ठ्याचा यंत्रमानव आईसकट आला. गारखेड्याची जुनी पोरंही होती त्यात, आता पोटं सुटलेली. नव्वद हजारांवर त्यांना राहवेना. टाळ्यांच्या ठेक्यावर ते ओरडू लागले, "अंगण! अंगण!" पुण्याचा आकाशही ओरडायला लागला.

"सुदर्शन," मी म्हणाले. "त्याचं नाव सुदर्शन आहे."

मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने. माईक माझ्या हातातच होता, पण इंद्रजीतने तो कधीच बंद केला होता.