पायरीवरून पडली

घरात त्याला सगळे बाळ्याच म्हणायचे. वय छत्तीस, टक्कल पडायला लागलेलं, हाताखाली चार माणसं, तरी बाळ्याच. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या आणि अडकल्या की सोडवायच्या, हे त्याचं काम. आत अडकलेली माणसं देवाच्या खालोखाल त्याचीच वाट बघायची, त्यामुळे सुट्टी हा शब्द काढला की साहेबांचं तोंड कडू व्हायचं. शेवटी मुलगी दोन वर्षांची झाल्यावर त्याने हट्टाने चार दिवस मागून घेतले आणि समुद्रकाठचं एक छोटं घर भाड्याने घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांत वादळाचा इशारा आला. बायको म्हणाली, "पुढच्या महिन्यात जाऊ या का?"

"पुढच्या महिन्यात मला कोण सोडतंय? आणि ही वादळं येणार येणार म्हणतात आणि जातात भलतीकडेच."

बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही, तर नवऱ्याच्या आवाजातला हेका कसा सुटेल? पण गेले सहा महिने तो या चार दिवसांवर डोळे लावून बसला होता, हे तिला माहीत होतं. तिने बॅगेत दोन स्वेटर जास्तीचे टाकले एवढंच.

गाडी आबांनी चालवली. आबा म्हणजे बाळ्याचे वडील. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी वळण आलं की आरशात बघून मागे कोण उभं तर नाही ना, हे तपासायची सवय गेली नव्हती. "बत्तीस वर्षं लोकांची पोरं नेली-आणली, एकाला खरचटूसुद्धा दिलं नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. मुलगा आणि सून माना डोलवायचे. ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं.

नातीला भिंगरी हे नाव त्यांनीच दिलेलं. कागदोपत्री तिचं नाव दुसरंच होतं, पण सरळ रेषेत चालणं तिला ठाऊकच नव्हतं. चार पावलं टाकली की एक गिरकी. दमली की दोन्ही हात वर करायची आणि म्हणायची, "आबू, घे." आबा पाठीला हात लावून एक "हुश्श" करायचे आणि तिला उचलून घ्यायचे. मग ती खांद्यावरून सगळ्या जगाकडे मालकिणीसारखी बघायची.

घर छान होतं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे एक लांबट व्हरांडा आणि वाळूत उतरणाऱ्या तीन पायऱ्या. कपाटात आधीच्या पाहुण्यांनी विसरलेली एक छत्री आणि एकच चप्पल. पहिली संध्याकाळ मजेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आभाळ गढूळ पाण्यासारखं दिसायला लागलं. किनाऱ्यावर लाल झेंडा लावला होता, आणि तो फडफडत नव्हता, वाऱ्याने ताठ ताणला गेला होता.

"पाण्याजवळ नेऊ नकोस हं तिला," बायको म्हणाली.

"छे! वाळूतच फिरवून आणतो."

वाळूतच फिरवायचं खरंच त्याच्या मनात होतं. पण भिंगरीला पाणी दिसलं आणि ती "पा, पा" करत सुटली. बाळ्याला वाटलं, एवढ्या लांब आलो, पोरीचे पाय तरी भिजू देत. त्याने तिचा डावा हात धरला आणि दोघं ओल्या वाळूत उभे राहिले. दोन लाटा आल्या, बोटं भिजवून गेल्या. भिंगरी खिदळली. तिसरी लाट मात्र मुकाट्याने आली आणि बघता बघता बाळ्याच्या गुडघ्यापर्यंत चढली. भिंगरीच्या छातीला पाणी लागलं, पायाखालची वाळू सरकली. बाळ्याने धरलेल्या हातानेच तिला वर खेचलं. पाण्यातून उपटल्यासारखी ती वर आली आणि त्याच्या छातीला चिकटून किंचाळून रडायला लागली.

"झालं, झालं, गेली लाट," म्हणत तो मागे पळाला. कोरड्या वाळूत बसून त्याने तिचे कपडे पिळले, नाक पुसलं, खिशातलं बिस्किट काढून दिलं. एरवी सगळं डाव्या हाताने करणाऱ्या पोरीने ते उजव्या हाताने घेतलं. बाळ्याने ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. पोर घाबरलीय, दुसरं काय?

दोघं घरी आले तेव्हा बायको आत न्हाणीत होती. व्हरांड्यात आबा वर्तमानपत्र घडी करून बसले होते, कारण उघडं धरलं की वारा ओढून न्यायचा.

"भिजली कशी ही?" आबांनी विचारलं.

"तुषार उडाले. आबा, जरा बघा हिच्याकडे, मी कपडे बदलून येतो. झोपेला आलीय, किरकिर करतेय."

दोन-तीन मिनिटं गेली असतील. आत खिडकीचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं. काच फुटेल म्हणून आबा उठले, चार पावलं आत जाऊन त्यांनी कडी घातली, आणि तेवढ्यात बाहेरून धप्प आवाज आला. भिंगरी शेवटच्या पायरीवरून वाळूत पडली होती. गुडघा खरचटला होता. ती रडत होती, आणि तिचा डावा हात अंगाजवळ नुसता लोंबत होता.

बायको धावत आली. तिने हाताला बोट लावताच भिंगरीने असा आवाज काढला की दोघंही जागच्या जागी गोठले.

"काय झालं?" बाळ्या अर्ध्या शर्टात बाहेर आला होता.

"मी खिडकी लावायला..." आबा म्हणाले.

"खिडकी? दोन मिनिटं दिली होती तुमच्याकडे! दोन मिनिटं, आबा! एक पोर सांभाळता येत नाही? आणि म्हणे बत्तीस वर्षं!"

बायको म्हणाली, "अरे, काय बोलतोयस?" पण शब्द निघून गेले होते. एक मात्र खरं, त्या क्षणी बाळ्याच्या मनात खोट नव्हती. पोरगी पायरीवरून पडली हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही तेवढंच दिसलं.

डॉक्टर गाठायचा तर गाव सात-आठ मैलांवर. पोरीला घेऊन सगळे गाडीत बसेपर्यंत पाऊस आडवा यायला लागला. फार तर मैलभर गेले असतील, तर रस्त्यावर भलंमोठं झाड आडवं पडलेलं. शेजारी विजेच्या तारा लोंबत होत्या. पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस हात हलवत ओरडत होता, "मागे फिरा! उद्या सकाळशिवाय रस्ता नाही!" फोनला रेंज नव्हती. गाडी मागे फिरवावी लागली.

बायकोने ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. ताप-दुखीचं औषध होतं ते दिलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. भिंगरी आईच्या मांडीवर मधून मधून डुलकी घ्यायची आणि हात हलला की कळवळून उठायची. एकदा तिने आबांकडे बघून उजवा हात वर केला, "आबू." आबा उठले, दोन पावलं पुढे आले, आणि बाळ्याकडे बघून थांबले.

"नको," बाळ्या म्हणाला. "हाताला धक्का लागेल."

आबा पुन्हा भिंतीशी जाऊन बसले.

सकाळी नऊला रस्ता मोकळा झाला. नेहमी गाडीची चावी आबांच्या खिशात असायची. त्यांनी ती काढून बाळ्यापुढे धरली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले.

गावातला दवाखाना वादळात लागलेल्या-पडलेल्या माणसांनी भरला होता. आबा बाहेर बाकावर थांबले. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, रात्रभर जाग्या असाव्यात. त्यांनी भिंगरीचं कोपर एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने मनगट हळूच फिरवून हात दुमडला. टक् असा बारीक आवाज झाला. भिंगरी एकदा जोरात रडली, आणि पाचच मिनिटांत डाव्या हाताने टेबलावरचं पेन ओढायला लागली. बायकोला हसू आणि रडू एकदमच आलं. पेनाच्या मागे लागलेल्या पोरीला उचलून ती बाहेर गेली.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत म्हणाल्या, "हात ओढला होता का कुणी हिचा?"

"पायरीवरून पडली," बाळ्या म्हणाला.

"पडली असेल, गुडघ्यावर दिसतंय. पण हे पडून सहसा होत नाही. या वयात कोपराचा सांधा ढिला असतो. एका हाताला धरून वर उचललं, हिसका बसला, की हाड जागचं सरकतं. आईबाप खेळता खेळताही करतात. पुढे जपा. उचलायचं तर बगलेत हात घालून."

बाळ्याला ती लाट आठवली. मग बिस्किट आठवलं. पायरीच्या आधी, आबांच्या हाती द्यायच्याही आधी, पोरीचा हात गेलेला होता. आणि हात गेला म्हणूनच कदाचित पायरीवर तिला तोल सावरता आला नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा आबा बाकावरून उठून उभे राहिले. शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे उभं राहावं तसे.

"हाड सरकलं होतं. बसवलं," बाळ्या म्हणाला. "आता काही काळजी नाही."

"पडल्यामुळेच ना रे?"

शेजारी बायको उभी होती. पाण्याजवळ नेऊ नकोस, हे तिने सांगितलेलं होतं. सगळी रात्र तिने जागून काढली होती. आता कुठे तिच्या तोंडावर रंग आला होता. पुढे कधीतरी, निवांतपणे, नीट सांगू, असं बाळ्याला वाटलं.

"हो," तो म्हणाला.

एका अक्षराचं काम. पण ते अक्षर आबांनी घरी नेलं.

परत आल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे तपासले तर ठणठणीत निघाले. बत्तीस वर्षांचं ते वाक्य कुणालाच पुन्हा ऐकू आलं नाही. सुरुवातीला बायको गमतीने म्हणालीसुद्धा, "आबा, बसच्या गोष्टी बंद झाल्या वाटतं?" ते नुसते हसले. भिंगरीवर माया तेवढीच. तिच्याशी खेळायचे, तिला चित्रं दाखवायचे, शेंगा सोलून द्यायचे, पण ती हात वर करून "घे" म्हणाली, की खाली बसायचे आणि म्हणायचे, "आबूची पाठ दुखते, राणी. तूच ये इथे." आणि सुनेला हाक मारायचे, "सूनबाई, जरा हिच्याकडे बघ गं." बाथरूमला जायचं असलं तरी.

बाळ्या हे रोज बघत होता. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. लिफ्ट बिघडली की कागदावर कारण लिहून खाली सही करावी लागते. कामावर त्याने आजवर एकही खोटं कारण लिहिलेलं नव्हतं. आणि घरी मात्र दिवसामागून दिवस ढकलत त्याने आठ महिने घालवले.

शेवटी एका रविवारी त्याने बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाण्यात नेलंस याचं काही नाही रे," ती म्हणाली. "मी चार शब्द बोलले असते आणि विसरले असते. पण आठ महिने? ते तिथे शेंगा सोलत बसतात आणि तू बघत बसतोस?" बाळ्या डोळे पुसायला लागला, तशी ती म्हणाली, "माझ्यापुढे कशाला रडतोस? त्यांच्याकडे जा."

आबा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. बाळ्याने काही राखून ठेवलं नाही. लाट, हिसका, बिस्किट, डॉक्टरीणबाई, आणि ते "हो". आबांनी पाण्याची झारी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की बाळ्याच्या अंगावर काटा आला.

"सूनबाईने पाठवलं ना तुला?"

"आबा, खरं सांगतोय मी."

"सांगतोयस, सांगतोयस. मला बरं वाटावं म्हणून दुसरं कुणी एवढं करणार नाही." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण मी म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. आवाज मी ऐकला, बाळ्या. पायरीवरून पडली ती. खिडकीला कडी घालत होतो मी."

"तुमचा काही दोष नव्हता, आबा. तुम्हाला नको ते बोललो मी. माझी चूक होती."

"बोललास ते बरोबरच बोललास. पोर तुझी. मी तुझ्या जागी असतो तर हेच बोललो असतो." त्यांनी झारी उचलली. "जा, चहा ठेवायला सांग."

बाळ्याने पुन्हा प्रयत्न केले. त्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई गाव सोडून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. एका ओळखीच्या डॉक्टरला घरी आणून आबांना समजावून सांगायला लावलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि डॉक्टर गेल्यावर सुनेला म्हणाले, "फार चांगला आहे गं माझा मुलगा. बापासाठी बघ किती खटपट करतो."

दवाखान्याच्या बाकापाशी सांगितलं असतं तर त्यांनी लगेच मानलं असतं. कदाचित दोन शिव्या हासडल्या असत्या, चावी परत मागून घेतली असती. आता तेच खरं त्यांना मुलाच्या चांगुलपणासारखं वाटत होतं, आणि त्या चांगुलपणाखाली ते रोज थोडे अधिक वाकत होते.

भिंगरी आता पाच वर्षांची आहे. हात ठणठणीत आहे. डाव्या हाताने चेंडू असा फेकते की शेजारच्यांनी कुंड्या आत घेतल्यात. समुद्राचं तिला काही आठवत नाही. आबांच्या शेजारी बसून ती चित्रं रंगवते, त्यांना नावं ठेवते, त्यांचा चष्मा लपवते. पण "आबू, घे" म्हणणं तिने केव्हाच सोडून दिलं. कुणी उचलून घ्यावं असं तिचं वय आता राहिलेलं नाही.