रोमची देवी जुरोंग ईस्टला पेटते

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, रविवारी दुपारी, चाळीसेक माणसं श्वास रोखून बसली होती. सगळी शिकलेली. बँकवाले, आयटीवाले, दोन ऑडिटर. समोर टेबलावर हातभर उंचीची पांढरी संगमरवरी बाई आणि तिच्या पायाशी पितळी वाडग्यात राख.

"ही वेस्टा," चारुदत्त म्हणाला. "रोमन लोकांची चुलीची देवी. हजारेक वर्षं रोममध्ये हिचा अग्नी जपला. आणि हा धर्म नाही हं, ही हेरिटेज थेरपी आहे. युरोपात यावर पेपर्स आहेत."

चारुदत्त मूळचा डोंबिवलीचा. दोन वर्षं रोमला नोकरी करून आला, तेव्हापासून लिननचे कोट घालतो. त्यानं बाटलीतलं 'रोमन ऑलिव्ह ऑईल' राखेवर ओतलं, डोळे मिटले आणि लॅटिनमध्ये पुटपुटू लागला. लॅटिनच असावं, मला काय कळतंय. अर्ध्या मिनिटात धूर निघाला आणि भपकन जांभळट ज्वाळा उठली. काडी नाही, लायटर नाही. सगळ्यात आधी टाळी मी वाजवली.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. मी निशिकांत, राहणार सेंगकांग. पुण्यात कॉलेजात असताना बुवाबाजीविरुद्ध गावोगाव प्रयोग दाखवत फिरायचो. इथे मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला हाताची घडी घालून उभा राहतो, मोदक मात्र चार खातो. कुणी सत्यनारायणाला बोलावलं तर त्याला अर्धा तास कार्यकारणभाव समजावतो. हल्ली कुणी बोलावत नाही. असा हा माणूस रोमन बाईपुढे हात जोडून बसला होता. हात जोडल्याचं मला आठवत नाही, पण माझी बायको सुलेखा शपथेवर सांगते.

कारण होती आमची चैत्राली. नऊ वर्षांची, दम्याची. दोन हजार सहाचा ऑक्टोबर, सुमात्राच्या जंगलांचा धूर सिंगापूरवर उतरलेला, खिडकीतून समोरची इमारत दिसेना. पोरीची छाती वाजायला लागली की मी पुन्हा पुन्हा खिडक्या लावल्यात का ते बघायचो. चारुदत्त म्हणाला, "चाळीस दिवसांत बरी होईल. पण रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद कर. केमिकलनं अग्नी रुसतो."

हेच वाक्य कफनीतल्या एखाद्या बुवानं म्हटलं असतं, तर मी त्याला पोलिसांत दिलं असतं. पण हा लिननमध्ये होता. सकाळचा पंप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी तो ऑफिसच्या बॅगेत लपवला. चैत्रालीला म्हटलं, देवी बरं करणार आहे. सुलेखाला म्हटलं, दिला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंही गेलो. देवीचं कळल्यापासून चैत्रालीनं लायब्ररीतून रोमन देवांचं पुस्तक आणलं होतं. ज्युपिटर, जुनो, मिनर्व्हा, सगळे तोंडपाठ. चारुदत्तनं बाटली उचलली तसा तिनं शाळेतल्यासारखा हात वर केला आणि शाळेतल्याच सिंगापुरी, 'लाह' लावलेल्या बोलीत सुरू झाली.

"अंकल, बुकमध्ये लिहिलंय, वेस्टाच्या टेम्पलमध्ये स्टॅच्यूच नव्हता. ओन्ली फायर."

"बेटा, पुस्तकात सगळं नसतं."

"आणि फायर विझली तर प्रीस्टेसला मार मिळायचा. मग लाकडावर लाकूड घासून पेटवायचे. गॉडेस नेव्हर हेल्प, लाह. मग तुमच्याकडे कशी येते?"

कुणीतरी खाकरलं. चारुदत्तनं घाईघाईनं जरा जास्तच तेल ओतलं. ज्वाळा उठली, धूर खोलीभर झाला आणि चैत्राली खोकू लागली. खोकला थांबेना. ओठ निळसर दिसायला लागले. सुलेखानं तिला उचलून बाहेर नेलं आणि पर्समधला तातडीचा पंप तोंडाला लावला. मी शेजारी उभा होतो.

पोरीचा श्वास मोकळा झाल्यावर सुलेखानं विचारलं, "सकाळचा पंप दिला होतास ना?"

"सात दिवस दिला नाही."

तिनं पंप पर्समध्ये टाकला. मग हळू आवाजात म्हणाली, "लग्नाआधी तू मला गॅलरीत हाच प्रयोग दाखवला होतास. तूप म्हणून काय ओतलं होतंस?"

"ग्लिसरीन," मी म्हणालो, आणि माझे कान तापले.

मी आत जाऊन राखेचा वाडगा टेबलावर उपडा केला. वर राखेचा थर, खाली जांभळट काळे खडे. पोटॅशियम परमँगनेट. त्यावर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळानं आपोआप पेट घेतं. तो थोडा वेळ काढायलाच लॅटिन. त्याच कॉन्डोत राहणारे श्रीनिवास घरून खरं ऑलिव्ह ऑईल घेऊन आले. चिमूटभर खड्यांवर ओतलं. पाच मिनिटं झाली, काही नाही.

"देवी आज नाराज आहे," चारुदत्त म्हणाला.

श्रीनिवासांनी दुसऱ्या चिमटीवर त्याच्याच बाटलीतलं ओतलं. भपका उठला. "बघा, लगेच प्रसन्न झाली," ते म्हणाले.

हा प्रयोग मी पन्नास गावांत केला होता. बाटलीवर तूप लिहिलेलं होतं तोवर मला समजत होता. ऑलिव्ह ऑईल लिहिलं आणि माझी अक्कल गेली. म्हणून माझ्यासारख्या शहाण्यांना एवढंच सांगतो: समोरचा कुठल्या भाषेत पुटपुटतोय ते ऐकू नका, वाडग्यात काय आहे ते विचारा. आणि कुणी औषध बंद करा म्हणालं, तर तिथूनच उठून डॉक्टरकडे जा.

पंपाचं काम सुलेखानं माझ्याकडून काढून घेतलं. चैत्राली रोज सकाळी पंप ओढते, दहापर्यंत श्वास धरते आणि तेवढा वेळ माझ्याकडे बघत राहते. आकडे मी मोजतो. तेवढं काम मला परत मिळालं आहे.