दगड उकळला तेव्हा

ह्यांची नजर अधू झाली, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं आणि त्याच वर्षी आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. टाकी जेमतेम साठ लिटरची, पण तिच्यासाठी ह्यांनी जी तयारी केली ती स्वतःच्या लग्नातही केली नव्हती. बादलीत मीठ कालवायचं, तरंगत्या काचनळीने खारेपणा मोजायचा, पाणी फार गार नाही ना ते बघायचं. रोज थोडं पाणी उडून जाई. तेवढं साधं पाणीच वरून घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. हे मला शेगडीपुढे उभं राहून केव्हाच कळलं होतं. ह्यांना त्यासाठी पुस्तक आणावं लागलं.

पहिले सहा आठवडे आत नुसतं पाणी आणि भोकाभोकांचे दगड होते. पाणी मुरायला हवं, घाई केली तर मासे मरतात, असं हे सांगायचे. सासूबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसायच्या.

"लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात," त्या म्हणायच्या. "माझ्या लेकानं दगड पाळलेत. बरंय, भुंकत नाहीत."

मग दगडांवर जीव आले. चार गोगलगायी, दोन नारिंगी मासे, आणि कोटाच्या बटणांएवढी तपकिरी फुलं, मधोमध हिरवा ठिपका. ती फुलं नव्हती, प्राणीच होते, पोवळ्यांच्या नात्यातले. दिवा लावला की उमलायचे. सासूबाई त्यांना 'बटणं' म्हणायच्या. वर्षभरात बटणांनी एक अख्खा दगड गिळला.

माझा नियम एकच होता. टाकीचं काहीही स्वयंपाकघरात यायचं नाही. एकदा दुधाच्या भांड्यात ह्यांची टाकी उपसायची नळी सापडली होती. मी ते भांडं केराच्या डब्यात घातलं आणि नऊ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. माझा राग तसाच. मी कधी आवाज चढवला नाही, फक्त तोंडाला कुलूप घालायची. माझ्या समजुतीप्रमाणे तो सौम्य राग होता.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी एका कपड्यांच्या दुकानात शिवणाची दुरुस्ती करायची, तिथून चारला घरी आले. दार उघडलं तर काचांवर वाफ जमलेली आणि समुद्रकाठी शेवाळ कुजतं तसा वास. ओट्यावर माझं मोठं पातेलं, घासूनपुसून पालथं घातलेलं.

"काय उकळत होतात?" मी विचारलं.

"आईला वाफ द्यायला पाणी ठेवलं होतं," हे म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देऊ लागले.

मी चहा केला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"यात काय घातलंस गं? नाणं चाटल्यासारखं लागतंय."

मी माझा चहा चाखला. मलाही जिभेवर तसंच काहीतरी लागलं. दूध नासलं असेल म्हणून मी तिघांचा चहा ओतून दिला.

साडेपाचला सासूबाईंना हुडहुडी भरली. अंगावर दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. मग खोकला सुरू झाला, आणि सहाच्या सुमाराला प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून शिट्टी येऊ लागली. गल्लीतले डॉक्टर आले. थंडी बाधली आहे, साथ चालू आहे, असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. ह्यांचे लाल डोळे बघून ह्यांनाही त्याच गोळ्या दिल्या.

डॉक्टर जिना उतरतात न उतरतात तोच सासूबाईंचे ओठ निळे दिसायला लागले. मी रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावला, छातीला तारा चिकटवल्या आणि आमच्याकडे वळली.

"आजींना दमा आहे?"

"नाही."

"घरात काही जळलं? रंग, कीटकनाशक, गॅसची गळती?"

"काही नाही," हे म्हणाले.

तिने खाटेवर वाकून तेच सासूबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"हे मला साथीसारखं वाटत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "साथीचा ताप इतक्या झपाट्यानं श्वास कोंडत नाही. हृदयाचे ठोकेही मध्येच चुकताहेत. कारण कळलं नाही तर मी आंधळेपणानं औषध देणार. आठवून बघा, पण लवकर आठवा."

तिने ह्यांच्या हातात सहीसाठी कागद दिला. ह्यांच्या बोटांतून पेन निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरणारी ती बोटं. हे ओशाळले, आणि त्यांचा हात मनगटाकडे गेला. घड्याळाला किल्ली.

दुकानात हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचे, किल्ली दिवसातून एकदाच, सकाळी. सकाळची ह्यांनी माझ्यासमोर दिली होती. चारला एकदा दिली. ही तिसरी.

मी ह्यांना बाहेर नेलं.

"काय उकळलंत?"

"सांगितलं ना, वाफेचं..."

"आईंना वाफ मी देते. वाफेच्या पाण्यात काय घालतात हे तरी माहीत आहे तुम्हाला?"

हे भिंतीला टेकले. खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी थांबले.

"दगड," हे म्हणाले. "बटणं फार माजली होती गं. दुसऱ्या पोवळ्याला जागाच उरली नव्हती. म्हटलं, उकळला की साफ निघेल. अर्धा तास उकळला आणि ब्रशनं घासला."

"माझ्या पातेल्यात."

"हो."

"आणि चारपासून थापा मारताय."

"तू बोलणं टाकलं असतंस."

"टाकलं असतं. नऊ दिवसांनी परत उचललं असतं. आईंचा श्वास सुटला तर कोण उचलणार आहे?"

आम्ही आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरणीने असलं काही कधी ऐकलं नव्हतं, पण ती हसली नाही. तिने टेबलावरचा फोन आमच्याकडे सरकवला. "ज्यानं ते प्राणी विकले त्याला विचारा."

मासेवाल्याचा नंबर ह्यांना पाठ होता. फोन मी कानाला धरला, कारण ह्यांना बोलायला दम पुरत नव्हता.

"उकळला?" मासेवाला म्हणाला. "खिडक्या उघड्या होत्या?"

"बंद."

"वहिनी, त्यांच्या अंगात विष असतं. दादांना मी सांगितलं होतं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. कुणी उकळेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. घरी कुणी आहे का आत्ता? कुणाला आत पाठवू नका. आणि दादा कसे आहेत? त्यांनाही डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरणीने फोन घेतला आणि विषाचं नाव अक्षर अक्षर करून लिहून घेतलं. मग तिने विषबाधेच्या केंद्राला फोन लावला. मी तिचा चेहरा बघत होते. तिने ऐकलं, दोनदा "नाही का?" म्हणाली आणि फोन ठेवला.

"उतारा नाही," ती म्हणाली. "पण आता कशाशी लढतोय ते कळलं. श्वासनळ्या उघडायचं औषध देते, हृदयावर नजर ठेवते. बाकी त्यांचं शरीर काय करतं ते बघायचं. आणि तुम्ही, साहेब, शेजारच्या खाटेवर. लगेच."

दोन खाटांच्या मध्ये माझं स्टूल. उजवीकडे सासू, डावीकडे नवरा, आणि दोन्ही पडद्यांवर हिरव्या रेघा. सासूबाईंच्या रेघेत एक ठोका गळायचा आणि पुढचा येईपर्यंत माझाही जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या इतक्या दमल्या की डॉक्टरणीने श्वासाचं यंत्र खाटेशी आणून ठेवलं. "संध्याकाळपर्यंत बघू," ती म्हणाली. मी देवाला काही मागितलं नाही. मी नुसती मोजत राहिले. एका मिनिटात चाळीस श्वास. मग अडतीस. संध्याकाळी बत्तीस. यंत्र तसंच परत गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मुखवटा बाजूला सारला.

"त्याच्यावर राग धरू नकोस."

"आई, तुम्ही बोलू नका."

"मीच म्हटलं त्याला." एक श्वास. "तिचं मोठं पातेलं घे म्हटलं. ती चारला येते, त्याच्या आत घासून ठेव. विचारलंच तर वाफेचं सांग."



"म्हणजे डॉक्टरीण विचारत होती तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मान का हलवलीत?"

"तू तिथंच उभी होतीस ना."

लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून मी या बाईला वचकून आहे, असं मी धरून चालले होते. माहेरी तसं रडून सांगितलंही होतं. कपाट हळू लावायचं, हसणं बेतानं हसायचं, हे सगळं मी तिच्या धाकानं करत होते. आणि इथे ती ओठ निळे पडेपर्यंत गप्प राहिली होती, कारण मी गप्प बसेन याची तिला धास्ती होती. पलीकडच्या खाटेवर हे डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. दोघंही वाट बघत होते. मला राग आलाच होता. घशाशी ते जुनं कुलूप येऊन बसलं होतं, नुसतं दाबायचं बाकी होतं.

"मला फार राग आलाय," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज मला परका वाटला. "तुमचा दोघांचा. घरी गेल्यावर मी ओरडणार आहे."

सासूबाईंनी मुखवटा पुन्हा तोंडावर ओढला.

"इथंच ओरड," त्या आतून म्हणाल्या. "इथं ऑक्सिजन आहे."

मग मी ओरडले. नर्स धावत येईपर्यंत ओरडत होते.