बावन्नवरून कुठेच नाही

डॉटनं ट्रान्झिस्टर उचलला आणि विक्रीला ठेवलेल्या फ्रिजच्या दाराला टेकवून धरला. दुकानाच्या मागच्या खोलीत रेडिओ स्वच्छ ऐकू यायचा तो एवढ्या एकाच जागी. तिच्या नवऱ्यानं, लेननं, दुसऱ्या बाजूनं कान लावला. तो बर्फाच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत तसाच निघून आला होता. त्याच्या रबरी बुटांखाली हळूहळू पाणी साचत होतं.

"छत्तीस गेला का?"

"गप्प बस. पस्तीस चाललाय."

आठवड्यात सगळ्यांत जास्त खपलेल्या गाण्यांची यादी, म्हणजे चार्ट, रेडिओ चाळीसपासून एकेक नंबर वर चढत वाजवत होता. पस्तिसाव्या नंबरवर शाळकरी पोरांचं एक गाणं होतं, आजीबद्दल. एकतिसाव्यावर एक कुत्रा होता. तो खरोखरच भुंकत होता आणि मागे व्हायोलिनं होती. एकोणीसशे एकोणऐंशी सालात लोक काहीही विकत घेत होते. कामगार संपावर, रस्त्यांवर कचरा, दुकानात मेणबत्त्या नाहीत. पण रेकॉर्ड मात्र विकल्या जात होत्या.

मागच्या मंगळवारी लेनचं गाणं बावन्नाव्या नंबरवर होतं. रेडिओ चाळीसच्या खाली उतरत नसे, त्यामुळे ही बातमी लंडनच्या कंपनीनं फोन करून दिली होती. फोनवरच्या माणसानं त्याला 'केन' म्हटलं, पण आकडा नीट सांगितला. चाळीसच्या आत आलं की टीव्हीवर बोलावणं येणार. टीव्हीवर दिसलं की कंपनी दुसरी रेकॉर्ड काढणार. नाही आलं, तर करार संपला. हेही त्यानं त्याच फोनवर, त्याच आवाजात सांगितलं होतं.

लेन एकोणचाळीस वर्षांचा होता. कंपनीला त्यानं एकोणतीस सांगितलं होतं. त्याच्या बँडचं नाव 'द फाइव्ह मॅजिस्ट्रेट्स', आणि माणसं चार. पाचवा लग्न करून कॅनडाला गेला तेव्हा गाडीवर नाव रंगवून झालं होतं. वीस वर्षं लेन गात होता, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला एक आकडा दिला होता.

रेडिओ दहाच्या आत आला. लेन मान हलवेना. पाच. तीन. दोन. पहिल्या नंबरचं गाणं वाजलं, संपलं, आणि तरी त्याचा कान फ्रिजला चिकटलेलाच.

"संपलं, लेन."

"थांब. कधीकधी दुरुस्ती सांगतात."

रेडिओनं हवामान सांगितलं. उत्तर समुद्रात वादळ होणार होतं. त्यात दुरुस्ती नव्हती.

लेननं कान पुसला. "चाळीसच्या आत नाही एवढंच. एक्केचाळीस असेल. एक्केचाळीस काही वाईट नाही."

डॉटनं कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं कागद चाळले. एक्केचाळीस नाही. बावन्न नाही. पंच्याहत्तरपर्यंत चार्ट होता आणि त्यात गाणं कुठेच नव्हतं. "खाली गेलं का?" असं तिनं विचारलं. तो म्हणाला, खाली गेलेलं दिसतं तरी कुठेतरी. हे काढून टाकलंय.

"काढून टाकलं म्हणजे?" लेननं विचारलं.

"काढून टाकलं म्हणजे काढून टाकलं."

लेन कामावर परत गेला. आइसलंडनं परक्या मासेमारांना आपला समुद्र बंद केल्यापासून थॉर्नसी गावच्या बोटी धक्क्यालाच बांधलेल्या होत्या. मासे येत नव्हते. माशांसाठीचा बर्फ मात्र रोज तयार होत होता, आणि का, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

डॉटला खरं कोडं पडलं होतं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं त्या गाण्याच्या इतक्या रेकॉर्ड विकल्या होत्या, की कागदी पिशव्या संपून शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून द्याव्या लागल्या होत्या.

देशभरातल्या ठरावीक दुकानांची विक्री मोजून चार्ट तयार व्हायचा. कोणती दुकानं, हे गुपित असे. नाहीतर रेकॉर्ड कंपन्या आपली माणसं पाठवून आपलाच माल विकत घेतील. टॉमलिन्सनचं विजेच्या वस्तूंचं दुकान त्यांतलं एक होतं. धुलाईयंत्रांच्या मागे रेकॉर्डचा काउंटर, काउंटरमागे डॉट. विकलेली प्रत्येक रेकॉर्ड ती नोंदवायची आणि आठवड्याची नोंद पोस्टानं लंडनला जायची. ही गोष्ट थॉर्नसीत फक्त तिला, मालकाला आणि लेनच्या एडना आत्याला माहीत होती. म्हणजे सगळ्यांनाच.

गाणं बावन्नावर आलं आणि बुधवारी सकाळी दुकानासमोर रांग लागली. रांग म्हटलं की थॉर्नसीतली माणसं कसली ते न विचारता उभी राहतात, पण या वेळी त्यांना माहीत होतं. गाव बरीच वर्षं कशातच जिंकलं नव्हतं. फुटबॉलचा संघ होता, त्याच्याबद्दल घरात पाहुणे असताना बोलत नसत. आता आपल्या लेनला वर ढकलायचं होतं.

गाणं चार्टमधून गेल्यावर दोन दिवसांनी, गुरुवारी, लंडनहून माणूस आला. मिस्टर लडलो. चार्टच्या कचेरीतला तपासनीस, अंगात रेनकोट, हातात सँडविचचा डबा. काउंटरपाशी स्टूल ओढून ते बसले.

"मिसेस रॅग, आख्ख्या मँचेस्टरात या गाण्याच्या जेवढ्या रेकॉर्ड खपल्या, त्याच्या कितीतरी पट तुमच्या एका दुकानात. कंपनीची माणसं आली होती का? अनोळखी? घाईत असलेली?"

"थॉर्नसीत घाईत कोणी नसतं हो. सगळी इथलीच माणसं होती."

"इतकी?"

"बोलावू का?"

बोलवावं लागलं नाही. चार्टवाला आलाय हे एडना आत्याला कळलं होतं. अर्ध्या तासात दुकान भरलं. सगळ्यांनी पुरावा म्हणून आपापल्या रेकॉर्ड छातीशी धरून आणल्या होत्या. फोटो काढायचाय असं काहींना वाटलं होतं. त्यांनी केस विंचरले होते.

डॉटला हायसं वाटलं. खोटं काहीच नव्हतं. ही माणसं, या रेकॉर्ड. आता हा माणूस लंडनला जाईल, सांगेल, आणि गाणं परत आपल्या जागेवर येईल.

मिस्टर लडलोंनी पहिल्यांदा एडना आत्याला पुढे घेतलं. तिच्याकडे पाच रेकॉर्ड होत्या.

"गाणं आवडलं, मॅडम?"

"आवडणार नाही होय? माझा भाचा आहे तो. त्याला मी अंघोळ घातलीये."

"थोडं गुणगुणून दाखवता का?"

"आत्ता? इथे?"

"थोडंसंच."

एडना आत्यानं पर्स डॉटकडे दिली, घसा साफ केला आणि सुरू केलं. चौथ्या सुराला मिस्टर लडलो सवयीनं स्टुलावरून उठून उभे राहिले. मागचे दोघंतिघंही टोप्या काढून ताठ झाले.

"मॅडम, हे राष्ट्रगीत आहे."

"त्याच वळणाचं आहे ते," आत्या म्हणाली. "अहो, माझ्या ग्रामोफोनची सुई मोडून किती वर्षं झाली. पण भिंतीवर छान दिसतात या. पाचही."

मग आले कप्तान अमोस टास्कर. बोट नव्हती, पण कप्तान म्हणायचा रिवाज राहिला होता. त्यांच्याकडे चार रेकॉर्ड आणि ग्रामोफोन एकही नाही.

"मग ऐकता कशावर, कप्तान?"

"ऐकायचंय कशाला? लेन दर शनिवारी क्लबात गातो की आमच्या. मी पुढच्याच टेबलाला असतो."

"म्हणजे तिथे ऐकलंय तुम्ही."

"तिथे?" कप्तान हसले. "तिथे कसं ऐकू येणार, साहेब? सगळे बोलत असतात. आणि मध्येच खिमा भरलेल्या गरम पाई आल्या की क्लबचा सेक्रेटरी माइक काढून घेतो, तसं सांगायला. लेन समजूतदार आहे. थांबतो बिचारा, आणि मग उरलेलं म्हणतो."

"पण गाणं कशाबद्दल आहे एवढं तरी?"

कप्तानांनी रेकॉर्डवरचं नाव लांब धरून वाचलं. 'मार्गारेट, वारा बदलला.'

"वाऱ्याबद्दल आहे," ते म्हणाले. "आणि त्या मार्गारेटबद्दल. चांगली बाई असावी."

दुपारपर्यंत रांग पुढे सरकत राहिली. मासे तळणाऱ्या सिरिलनं सहा घेतल्या होत्या, एकेका मुलाला एक. मुलं त्याला नव्हती, पण व्हायची शक्यता त्यानं सोडली नव्हती. कोणी चहाच्या किटलीखाली ठेवली होती. कोणी अजून वर्तमानपत्रातून काढलीच नव्हती, आणि त्या पानावर कोडं होतं ते मात्र सोडवून झालं होतं. एकीला दोन ओळी आल्या. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्याच्या निघाल्या. मिस्टर लडलो प्रत्येकाला नीट आभार मानून सोडत होते. लोकही बाहेर जाताना डॉटच्या खांद्यावर थोपटत होते. आपण लेनसाठी काहीतरी चांगलं केलं, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

दुकान रिकामं झालं. डॉटनं काउंटर पुसला. तो स्वच्छच होता.

"मला येतं," ती म्हणाली.

"काय?"

"गाणं. सगळं येतं. चारही कडवी. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तो अकरा महिने म्हणत होता." आणि तिनं सुरू केलं, हळू, पुसायचं फडकं हातातच. मार्गारेट कोण हे तिनं लेनला कधी विचारलं नव्हतं. 'डॉट'मध्ये अक्षरं कमी पडतात, एवढं एकदा तोच म्हणाला होता. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज जरा वर गेला, आणि धुलाईयंत्राचं झाकण थरथरलं.

मिस्टर लडलोंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नातेवाईक धरत नाहीत, मिसेस रॅग," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं.

"तुम्ही ऐकलं होतंत का आधी?"

"मी मोजतो फक्त."

त्यांनी डबा उघडला, अर्धं सँडविच तिच्यापुढे ठेवलं आणि कपाळ चोळलं. "माझी अडचण अशी झालीये. इतक्या वर्षांत मी बरीच लबाडी पकडली. पण इथे लबाडी झालीये आणि ती कोणीच केलेली नाहीये. वरच्यांना हे कसं सांगू? गावानं न ऐकता गाणं घेतलं असं सांगितलं, तर पुढे विचारतील की मग बाकी देश तरी ऐकून घेतो का. ते आम्हाला परवडायचं नाही. त्यापेक्षा कंपनीनं माणसं पाठवून माल उचलला असं सांगतो. ते सगळ्यांना कळतं. तुमच्या दुकानावर काही येणार नाही, तुमच्यावरही नाही. कंपनी नाही म्हणेल; अशा कंपन्या नेहमीच नाही म्हणतात."

"आणि गाणं?"

"ते गेलं, मिसेस रॅग."

संध्याकाळी लेन घरी आला तेव्हा डॉट टेबलाशी बसली होती. त्यानं बूट काढून वर्तमानपत्रावर ठेवले.

"आला होता म्हणे लंडनचा माणूस. काय म्हणाला?"

ती त्याच्या हातांकडे बघत होती. बर्फात राबून बोटांची टोकं पांढरी पडलेली होती. घरी आल्यावर त्यांत रक्त यायला बराच वेळ लागायचा. गावानं घेतल्या, असं सांगितलं तर तो लगेच विचारणार, मग आवडलं का लोकांना. आत्याला आवडलं का. कप्तानांना कुठलं कडवं आवडलं.

"म्हणाला, लबाडी झाली," ती म्हणाली. "तुझ्या कंपनीनं केली. माणसं पाठवून तुझ्या रेकॉर्ड उचलल्या."

लेन उभाच राहिला.

"कंपनीनं? माझ्यासाठी?"

"हो."

"लंडनहून?"

"हो."

"इथे यायला दोनदा गाडी बदलावी लागते."

"बदलली असेल."

तो खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. डॉटनं ते लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "एवढी मोठी कंपनी. तिला वाटलं असणार, या माणसात काहीतरी आहे. उगाच कोणी लबाडी करत नाही, डॉट. लबाडी करायलासुद्धा विश्वास लागतो."

"लागतो."

"पकडले गेले बिचारे."

"हो."

तिनं चहा ओतला. लेननं कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ वाफेकडे पाहत हसत राहिला. मग हसू थांबलं. त्याला काहीतरी सुचलेलं दिसत होतं.

"पण मग गावानं घेतल्याच नाहीत."

डॉटनं साखरेचा डबा पुढे ओढला.

"तोंडावर सगळे सांगत होते, घेतली लेन, घेतली. कप्तान म्हणाला चार घेतल्या. आत्या तर पाच म्हणाली, शपथेवर." त्यानं कप खाली ठेवला. "त्यांनी घेतल्या असत्या, तर कंपनीला एवढ्या लांब माणसं पाठवायची काय गरज होती? सांग ना."

"साखर घालू?"

"वीस वर्षं गातोय मी या लोकांसाठी." तो ओरडला नाही. हिशेब नीट लागल्यावर माणूस जसा शांत होतो तसा तो शांत झाला होता. "शनिवारचं क्लबात कळवून टाक. म्हणावं, लेन येत नाही. या नाही, पुढच्याही नाही."

डॉटनं तोंड उघडलं. तो तिच्याकडे बघत होता, तिनं काही सांगावं म्हणून थांबला होता. बाहेर दारावर टकटक झाली आणि पत्रपेटीच्या फटीतून एडना आत्याचा आवाज आत आला. "लेन, अरे काय झालं? आलं का आपलं गाणं परत?"

"मी घरात नाही म्हणून सांग," लेन म्हणाला.

डॉट उठली आणि दाराकडे गेली.

"तो घरात नाहीये, आत्या," ती म्हणाली.