सतरा तारखेचा माणूस

रंगाच्या कारखान्यातलं गोदाम सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे शंकासुर म्हणत, आणि त्याला ती शाबासकी वाटे. प्रत्येक ट्रकमधून जाणाऱ्या डब्यांच्या बुडाला तो निराळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. चोरीचा डबा कुठे सापडला की बूड उलटं करायचं. कोणत्या ट्रकमधून गळाला, ते डबाच सांगे.

हीच युक्ती त्याने घरी आणली. त्याचा जन्म सत्तावीस तारखेचा. पण नातेवाईक, सरकार आणि बँक सोडून खरी तारीख त्याने कुणालाच दिली नव्हती. चपलांच्या दुकानाच्या सवलत-कार्डासाठी तो अकराला जन्मला होता, वाचनालयासाठी चारला आणि आरोग्य विमा कंपनीच्या फॉर्मवर सतराला. कुणाला काय दिलं, ते एका जाड वहीत लिहिलेलं.

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते दोन बोटांत उचललं. कंपनीच्या कॉम्प्युटरमधून ग्राहकांची नावं, जन्मतारखा, उपचारांची माहिती चोरीला गेली होती. नुकसान झालं असल्यास पुराव्यासह भरपाईचा दावा करा, खाली नंबर.

“चोरीची बातमी चोरच देत नसेल कशावरून?” असं म्हणून त्याने नंबर काही फिरवला नाही. पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदलला आणि आपल्या नावावर कुणी कर्ज काढू नये म्हणून बँकेत अर्ज देऊन आला. आलेलं पत्र फाइलला लावलं.

दोन महिन्यांनी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. जिना उतरताना ती कठडा धरून आडवी उतरे, एकेका पायरीला थांबे. तारखेला आठ दिवस उरले असताना हॉस्पिटलातून फोन आला: तुमच्या कुटुंबाच्या कार्डावरची यंदाची मर्यादा संपलीय. चार महिन्यांपूर्वी यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या गावी.

“अहो, हर्निया झाला नि मला सांगितलं नाहीत?”

“मला झालाच नाही!”

“तुमचं काय सांगावं.”

पत्रातल्या नंबरावर विश्वास नसल्यामुळे तो कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन थडकला. तक्रारीच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्यासमोर त्याने सरळ शर्ट वर केला.

“बघा. कुठाय टाका?”

“काका, शर्ट खाली करा. ऑपरेशन तुमचं झालं नाही, मान्य. पण कार्ड तुम्हीच कुणा नातेवाइकाला वापरायला दिलं नसेल कशावरून? रोज दोन येतात असले.”

आयुष्यभर दुसऱ्यांवर रोखलेलं बोट असं आपल्याकडे वळलेलं पाहून त्याने शर्ट खाली केला. मग म्हणाला, “त्या माणसाने हॉस्पिटलात जन्मतारीख काय लिहिलीय?”

बाईंनी पडद्यावर पाहिलं. “सतरा.”

“माझी सत्तावीस.” त्याने बँकेचा कागद पुढे सरकवला. “कार्डावर तारीख नसते. नातेवाइकांना खरी ठाऊक आहे. सतरा फक्त तुमच्या कॉम्प्युटरात होती. तुमच्याकडूनच गळालीय!”

“म्हणजे फॉर्मवर तुम्ही खोटी लिहिलीत?”

“सावधगिरी म्हणून. कुणाला कोणती दिली, ते सगळं वहीत लिहिलेलं आहे.”

“खोट्या माहितीवर दावा रद्द होतो, काका.” बाईंनी पेन गालाला टेकवलं. “तुमची ती वही आणा. एक पान नाही, अख्खी. आणि ती जुनी आहे, आत्ता बसून लिहिलेली नाही, असं घरातल्या माणसाने सही करून सांगायला हवं.”

अख्खी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. वहीच्या मागच्या भागात नातेवाईक होते.

बायकोने जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून पहिल्यापासून वाचली. मेव्हण्याला एकट्याला सांगितलं होतं की रक्तदाब वाढलाय. चौथ्या दिवशी तीन घरांतून चौकशी. शेरा: गळका. ती पोट धरून हसली. “माझा भाऊ आहे तो, पण शेरा बरोबर आहे.”

मग तिचं पान आलं. ‘नोकरी सोडणार आहे, असं फक्त हिलाच सांगितलं. तीन महिने पाहिलं. कुठूनही परत आलं नाही. विश्वासू.’ खाली पुढच्या वर्षी दुसरी थाप. मग तिसरी. एकूण अकरा, प्रत्येकीपुढे तोच शेरा.

“पहिल्यांदा पास झाले होते ना मी?”

“हो.”

“मग आणखी दहा वेळा कशाला?”

तिने वही मिटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सही करणार की नाही, हे विचारायची सोय राहिली नाही.

सकाळी ती तयार होऊन दारात उभी होती. कार्यालयाच्या सात पायऱ्या चढताना त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

“काकू, वही जुनी आहे?” बाईंनी विचारलं.

“बावीस वर्षं घरात आहे. आत काय आहे, ते मात्र काल कळलं.”

“आणि कार्ड यांनी कुणाला दिलं नाही, असं सांगू शकाल?”

ती थांबली. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने आपलंच पान उघडून वही खिडकीतून आत सरकवली.

“मोठ्याने वाचा.”

बाई वाचू लागल्या. पाचव्या थापेला मागच्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. अकरावीला बाईंना स्वतःलाच ओठ आवळावे लागले.

“जो माणूस बायकोची अकरा वेळा परीक्षा घेतो,” ती म्हणाली, “तो कार्ड कुणाच्या हातात देईल, असं वाटतं तुम्हाला? सख्ख्या भावाला छत्री देत नाहीत हे. कुठे सही करू?”

शंकासुर कानापर्यंत लाल झाला होता, पण हा बचाव त्याला स्वतःला कधी सुचला नसता.

बाई वही घेऊन साहेबांकडे गेल्या आणि पाऊण तासाने परत आल्या. खोट्या तारखेबद्दल लेखी समज मिळाली. हर्निया त्याच्या नावावरून काढला जाणार होता, कार्डाची मर्यादा पूर्ववत होणार होती. “ऑपरेशनची तारीख हलवू नका, काकू. हॉस्पिटलला आजच कळवते. भरपाईचा अर्ज वेगळा भरा, काका. त्याला वेळ लागेल.”

त्याने अर्ज घेतला.

“कार्डावर माझंही नाव आहे,” बायको म्हणाली. “म्हणजे माहिती माझीही गेली. मलाही एक द्या.”

दोघं बाकावर बसून लिहू लागले. ‘झालेल्या नुकसानाचे स्वरूप’ या रकान्यात त्याने दोन ओळी लिहिल्या आणि थांबला. बायको अजून लिहीत होती. रकाना भरला, तशी ती समासात वळली.

त्याने हळूच मान लांब केली. तिने न बघता डावा हात कागदावर आडवा ठेवला आणि लिहीत राहिली.