फरशीवर तेल नको

"इंजिन काढूनच टाका, मिस्त्री," जीपच्या बॉनेटवरून हात फिरवत साहेब म्हणाले.

मिस्त्रींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. इंजिन नुकतंच पहिल्या झटक्यात सुरू झालं होतं आणि अजून संथ चालत होतं. आठ महिने गेले होते त्यात. पिस्टन मिळेनात म्हणून लेथवर करवून घेतले, गिअरबॉक्स तीनदा उघडला, चाळण झालेला खालचा पत्रा स्वतः ठोकून बनवला.

"का हो? काही कमी राहिलं?"

"छे, काम झकास. पण ही हॉटेलच्या दारात, आतल्या बाजूला ठेवायचीय. तेल गळलं तर फरशीची वाट लागेल. बॉनेटखाली स्पीकर बसवू."

"साहेब, ही अजून वीस वर्षं पळेल."

"पळवायचीय कुणाला?" साहेब हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यामुळे मिस्त्रींना भांडताही येईना.

जीप मिस्त्रींच्या थोरल्या भावाची. तो जमीनमोजणीत होता. रस्ता संपे तिथून त्याचं काम सुरू होई. तो गेल्यावर बारा वर्षं ती शेडमध्ये गंजत पडली. शेवटी वहिनींनी ती साहेबांना विकली, पण अट घातली: दुरुस्ती भावजीच करतील, आणि गाडी चालती करूनच देतील.

संध्याकाळी मिस्त्री वहिनींकडे गेले.

"उद्या इंजिन काढायचंय. म्हटलं, त्याआधी एक चक्कर मारू. चला."

वहिनी भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"चालू झाली ना?"

"झाली. दादाच्या वेळी चालायची तशीच."

"मग राहू दे, भावजी. तो आवाज दारात यायचा थांबला, ते एकदा सोसलंय. पुन्हा कशाला?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिला नाही. तेल काढलं, एकेक नट सोडवला, साखळीनं इंजिन उचललं. मग त्या रिकाम्या खळग्यात वाकून आतल्या कडा पुसत बसले.

दुपारी ट्रक आला. चार हमालांनी जीप ढकलायला घेतली.

"कागदाची आहे की काय ही?" एकजण म्हणाला.

फळ्यांवरून सरळ चढावी म्हणून स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. मिस्त्री आत बसले. मागून जोर लागला, पुढची चाकं फळीवर आली आणि सवयीनं त्यांनी क्लच दाबला. पेडल अलगद तळाला गेलं. पाय त्यांनी तिथंच ठेवला, गाडी वर चढेपर्यंत.